पांझरेचे फड: पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो पडतो, धुळ्यापर्यंत येताना ओसरतो. पांझरा नदीकाठची फड पद्धतीची बागायत, म्हणजे भिजणाऱ्या क्षेत्राचे तुकडे पाडून एका तुकड्यात एकच पीक घेण्याची रीत, याच फरकावर उभी राहिली. साक्री तालुक्यात नदीला उतार आहे, पात्रात काळा कातळ उघडा पडलेला आहे आणि पावसाळा सरला तरी झिरपा, म्हणजे जमिनीतून पात्रात पाझरणारे पाणी, चालू असतो. कातळाच्या आडव्या पट्टीवर दगड-चुन्याचा बुटका बंधारा घातला की पाट नुसत्या उतारावर वाहतो. साठवण जवळपास नाहीच, त्यामुळे पूर बंधाऱ्यावरून निघून जातो. मोसम, आरम या नद्यांवरही हीच रीत.

तापीकाठच्या प्रकाशे इथे ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती सापडली आहे. हे बंधारे मात्र गेल्या तीन-चारशे वर्षांतले मानले जातात.

‘फड’ या शब्दाने बराच घोळ घातला आहे. फड म्हणजे सामूहिक शेती, असे सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे. जमीन ज्याची त्याची. सामाईक असतो तो पिकाचा निर्णय. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या क्षेत्राचे तीन-चार तुकडे पाडतात. त्यातला एकेक तुकडा म्हणजे फड, आणि एका फडात एकच पीक. यंदा इथे ऊस, शेजारी गहू, पुढच्या वर्षी पालट. एकाच फडात ऊस आणि गहू शेजारी आले तर पाळ्या जुळत नाहीत: उसाला दहा-बारा दिवसांनी पाणी लागते, गव्हाला उशिरा, आणि उसाचा पाझर गव्हाच्या मुळाशी साचतो. शेतकऱ्याची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात असते. पाणी घटले की एखादा फड कोरडा ठेवतात, म्हणजे तूट सगळ्यांत वाटली जाते. पाणी पाटकरी देतो, मालकाने बारे, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचे तोंड, फोडायचे नाही. राखणीला जागल्या.

ब्रिटिश काळात 1879 चा पाटबंधारे कायदा आला, पुढे 1976 चा. कागदावर पाणी सरकारी, वाटप गावच्या पंचांचे, अशी दुहेरी व्यवस्था बराच काळ निभावली.

तिला खरा धक्का दिला तो वरच्या धरणांनी आणि विजेच्या मोटारींनी. लाटीपाडा, मालनगाव, अक्कलपाडा ही धरणे झाल्यावर नदीचा झिरपा सांभाळण्याऐवजी आवर्तनाची, म्हणजे धरणातून पाळीने सुटणाऱ्या पाण्याची, वाट पाहणे आले. ज्याची विहीर, त्याला पाटाची गरज उरली नाही. मग पाटाचा गाळ काढायला त्याच्या घरून माणूस का येईल? वाटण्यांमुळे पट्ट्या इतक्या चिंचोळ्या झाल्या की काहींचा एखाद्या फडात वाटाच राहिला नाही. वाळू उपशाने पात्र खोल गेले, काठच्या विहिरींची पातळी उतरली आणि जिथे बंधारा कातळावर पुरता टेकलेला नव्हता, तिथे त्याचा पाया उघडा पडला.