काउंटर अडलाय? डेटाबेसलाच विचारा

महिन्याची १० तारीख. लालबागमधल्या एखाद्या पतपेढीत हप्ते भरायला रांग लागलेली आणि तिन्ही काउंटरच्या पडद्यांवर नुसतं चक्र फिरतंय. सर्व्हर चालू, नेटवर्क ठीक. अशा वेळी सर्व्हर रीस्टार्ट करायचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्यात अडथळ्याबरोबर त्याचा पुरावाही पुसला जातो. कुठे अडलंय हे डेटाबेसला माहीत असतं आणि ते विचारायची सोय त्यातच असते.

ती सोय म्हणजे सिस्टिम व्ह्यू. दिसतात टेबलासारखे, पण त्यांत खातेदारांऐवजी डेटाबेसची स्वतःची माहिती असते. रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत ठेवण्याची पद्धत) मांडणाऱ्या एडगर कॉड यांच्या १९८५ च्या नियमांतला चौथा नियम हाच: डेटाबेसचं वर्णनही टेबलांतच असावं आणि नेहमीच्याच क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाने, वाचता यावं. टेबलं, कॉलम, बंधनं यांची माहिती अनेक डेटाबेसांत इन्फर्मेशन स्कीमा नावाच्या व्ह्यूंत मिळते. या घडीला आत काय चाललंय, हे मात्र प्रत्येक डेटाबेस आपल्या पद्धतीने सांगतो. ओरॅकलमध्ये 'व्ही-डॉलर' व्ह्यू, मायएसक्यूएलमध्ये परफॉर्मन्स स्कीमा.

पतपेढीत पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे असं धरू. तिथे उघडायचा तो 'पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी' हा व्ह्यू. प्रत्येक कनेक्शनची एक ओळ. काउंटरच्या ओळींत 'स्टेट' अ‍ॅक्टिव्ह दिसेल, पण 'वेट_इव्हेंट_टाइप'मध्ये लॉक, म्हणजे एकाने बदलायला घेतलेली ओळ तो सोडेपर्यंत दुसऱ्याला बदलू न देणारं कुलूप. म्हणजे काम सुरू झालंय आणि कुलपापाशी थांबलंय. मग त्या ओळीचा 'पीआयडी' (कनेक्शनचा क्रमांक) 'पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज' या फंक्शनला द्यायचा. ते अडवणाऱ्याचा क्रमांक देतं. दिवसाच्या रोकड शिलकेची एकच ओळ सगळे बदलत असतील, तर हा क्रमांक दुसऱ्या अडलेल्या काउंटरचाही निघतो. मग त्याला कोणी अडवलंय ते विचारायचं, असं मुळापर्यंत जायचं.

मुळाशी बहुधा कामात गढलेलं कनेक्शन नसतं. तिथे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असतं: व्यवहार उघडला, ओळ बदलली आणि कमिट न करताच, म्हणजे बदल पक्का न करताच, माणूस जेवायला गेला. चाळीच्या नळाखाली बादली लावून घरात निघून जावं, तसं. 'एक्सॅक्ट_स्टार्ट' (xact_start, व्यवहार सुरू झाल्याची वेळ) पाहिलं की तो व्यवहार किती वेळ उघडा आहे ते कळतं.

इथे एक चूक हमखास होते. थांबलेल्या कनेक्शनच्या 'क्वेरी' कॉलममध्ये शेवटची क्वेरी दिसते. कुलूप तिच्याआधीच्या एखाद्या क्वेरीने लावलेलं असू शकतं. तिथे नुसतं वाचणारं साधं सिलेक्ट दिसलं म्हणून त्या कनेक्शनला निर्दोष ठरवू नका.

'पीजी_कॅन्सल_बॅकएंड' इथे उपयोगाचं नाही. ते चालू क्वेरी थांबवतं, आणि इथे काही चालूच नाही. 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड' लागतं. त्याने कनेक्शन तुटतं आणि कमिट न झालेलं काम मागे फिरतं, म्हणून आधी 'युजनेम' (कोणाचं लॉगिन) आणि 'क्लायंट_अ‍ॅडर' (कोणत्या मशीनवरून) पाहून त्या माणसाला फोन करणं बरं. पुन्हा असं होऊ नये म्हणून 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' पाच मिनिटांवर ठेवा. मुळात ते शून्य, म्हणजे बंद असतं.

हे सगळं पाहायला सुपरयुजर, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, लागत नाही. साध्या युजरला इतरांच्या क्वेरी दिसत नाहीत, पण आवृत्ती १० पासून 'पीजी_मॉनिटर' हा रोल (अधिकारांचा संच) आहे, तो दिला की पुरतं. मात्र टर्मिनेटसाठी वेगळा अधिकार हवा.

आणि टेबलांची नोंद ठेवणाऱ्या 'पीजी_क्लास'मधला 'रेलटपल्स' हा ओळींचा आकडा अंदाजाचा असतो. तो ऑडिटरच्या तक्त्यात घालू नका, तिथे ओळी प्रत्यक्ष मोजणारं काउंटच चालवा.