पन्नास लिटरच्या टाकीत किती मका?

एक टन मक्यापासून साधारण 400 लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे गाडीची 50 लिटरची टाकी नुसत्या इथेनॉलने भरायची तर सव्वाशे किलो मका लागतो. एक किलो मक्यात 3,600 च्या आसपास किलोकॅलरी असतात. माणसाला दिवसाला 2,100 किलोकॅलरी धरल्या, तर त्या सव्वाशे किलोवर एक जण सात महिने जगेल. टाकी मात्र चार-सहा दिवसांत संपते, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असल्याने थोडी लवकरच संपते.

हे गणित बरोबर आहे, आणि फसवेही. इथेनॉल करताना मक्यातल्या फक्त पिष्टमय भागाची साखर होते आणि यीस्ट तीच खाते. प्रथिने, स्निग्धांश आणि चोथा मागे उरतो आणि धान्याच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा पशुखाद्य म्हणून बाहेर पडतो. शिवाय टाकी भरली नाही, म्हणून तो मका आपल्या पायांनी चालत कुणा उपाशी माणसाच्या घरी जात नाही. 1996 मध्ये रोमला झालेल्या जागतिक अन्न परिषदेनंतर अन्नसुरक्षेचे चार पाय मानले जातात: अन्न असणे, ते मिळवण्याची ऐपत असणे, ते अंगी लागणे आणि हे सगळे वर्षानुवर्षे टिकणे. जैवइंधनाचा, म्हणजे पिकांपासून केलेल्या इंधनाचा, धक्का बहुतेक वेळा पहिल्या पायाला लागत नाही, दुसऱ्याला लागतो.

जानेवारी 2007 मध्ये मेक्सिकोत टॉर्टियाच्या, म्हणजे तिथल्या मक्याच्या भाकरीच्या, किमती भडकल्या आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. टॉर्टिया पांढऱ्या मक्याचा होतो, अमेरिकेत इथेनॉलसाठी जातो तो पिवळा मका. मग एकाच्या मागणीने दुसरा कसा महागला? पिवळा मका इथेनॉलकडे ओढला गेला, त्याचा भाव चढला, तेव्हा पशुखाद्य करणारे पांढऱ्याकडे वळले. साठेबाजीचे आरोपही झाले आणि त्यात तथ्य नसेल असे मला वाटत नाही. पण मूळ दोर सरहद्दीपलीकडून ओढला जात होता. अमेरिकेने 2005 मध्ये पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळण्याची सक्ती केली, 2007 मध्ये ती वाढवली, आणि पुढे तिथला जवळजवळ 40 टक्के मका इथेनॉलच्या कारखान्यांत जाऊ लागला.

2008 च्या जागतिक भाववाढीत जैवइंधनाचा वाटा किती, यावर अर्थतज्ज्ञांचे एकमत झाले नाही. ऑस्ट्रेलियातला दुष्काळ, पिंपामागे 147 डॉलरला टेकलेले खनिज तेल, तांदळावरच्या निर्यातबंद्या हे सगळे एकाच वेळी चालू होते. मला टक्केवारीपेक्षा सक्तीचा स्वभाव महत्त्वाचा वाटतो. भाव वाढला की गरीब माणूस कमी खातो, कारण त्याची निम्म्याहून अधिक कमाई अन्नावरच जाते. सक्तीचा नियम मात्र भाव वाढला तरी तेवढेच धान्य मागतो. टंचाईच्या वर्षी एक गिऱ्हाईक मागे हटतच नसेल, तर हटण्याचा सगळा भार उरलेल्यांवर पडतो. पिकांना भाव मिळाला तर शेतकऱ्याचे भलेच होईल, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. गरीब देशांतले कितीतरी लहान शेतकरी वर्षभराच्या हिशेबात विकतात त्यापेक्षा अधिक धान्य विकत घेतात.

आता शेतातल्या विज्ञानाकडे. जैवइंधन एवढी जमीन का मागते? ऊन फुकट असते, पण झाडाला ते फारसे पकडता येत नाही. बहुतेक पिकांच्या शरीरात वर्षभर पडलेल्या सूर्यप्रकाशातला एक टक्काही साठत नाही. छतावरचे सौर पॅनेल 20 टक्क्यांच्या घरात ऊर्जा पकडते. वीज आणि द्रव इंधन यांची कामे वेगळी आहेत हे मान्य, पण जमिनीचा हिशेब मांडताना हा फरक डोळ्याआड करता येत नाही.

त्यानंतर कारखाना. पिपात यीस्ट साखरेचे अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, करते, पण अल्कोहोल 10 ते 15 टक्क्यांवर गेले की ते तिलाच सोसत नाही. उरते ते बहुतांशी पाणी. ते काढायला मिश्रण तापवावे लागते, ऊर्ध्वपातन करावे लागते. तेही 95-96 टक्क्यांवर अडते, कारण तिथे पाणी आणि अल्कोहोल एकाच प्रमाणात उकळू लागतात. शेवटचे पाणी वेगळ्या युक्तीने शोषून घ्यावे लागते. ही सगळी उष्णता आणायची कुठून, इथे ऊस आणि मका यांची वाट वेगळी होते. उसाबरोबर बगॅस, म्हणजे रस काढल्यावरचा चोथा, आयता कारखान्यात येतो आणि बॉयलर त्यावर चालतो, वर वीजही उरते. मक्याचे कारखाने सहसा नैसर्गिक वायू जाळतात. तेलाच्या पहिल्या संकटानंतर 1975 मध्ये ब्राझीलने उसाच्या इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि तो टिकला, यामागे सरकारी पैसा होता तसा हा बगॅसही होता.

ऊस साधू आहे असे मात्र नाही. एका कुरणावर ऊस आला की गुरे दुसरीकडे सरकतात, आणि ते दुसरीकडे म्हणजे कधी जंगल असते. 2008 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या दोन अभ्यासांनी जमिनीच्या अशा बदलांचा हिशेब मांडला. आग्नेय आशियातले पीटवरचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या दलदलीतले, जंगल तोडून पामची लागवड केली, तर जमिनीतून सुटलेल्या कार्बनची भरपाई त्या तेलातून व्हायला 400 हून अधिक वर्षे लागतील, असे त्यातल्या एकात दिसले.

या टीकेवर उत्तर म्हणून जे पुढे आले ते झाड मराठीत मोगली एरंड म्हणून ओळखले जाते. जट्रोफा. कमी पाणी, पडीक जमीन, गुरे तोंड लावत नाहीत, बियांत तेल भरपूर. धान्याशी स्पर्धाच नाही! भारताने 2003 मध्ये त्यावर बायोडिझेलची राष्ट्रीय मोहीम आखली. टांझानिया, मोझांबिक, घाना इथे कंपन्यांनी मोठमोठ्या जमिनी घेतल्या. काही वर्षांत बहुतेक मळे ओस पडले.

चूक साधी होती. दुष्काळात तग धरणे आणि दुष्काळात फळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरड्या, निकस जमिनीत मोगली एरंड मरत नाही, पण बी धरायचे तर त्यालाही पाणी आणि खत लागते, आणि तेवढे पाणी-खत असेल तर तिथे धान्यच का पेरू नये? फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा हाताने वेचावी लागतात. तेल काढल्यावरची पेंड विषारी, ती जनावरापुढे टाकता येत नाही.

आणि पडीक हा शब्द. तो महसूल खात्याच्या नोंदीतला असतो. त्या जमिनीवर कुणाची शेळी चरते, कुणी सरपण वेचते, पावसाळ्यात रानभाजी खुडते, पावसाने दगा दिला की चारा तिथूनच येतो. ही वहिवाट कागदावर नसते, म्हणून करार होताना मोजली जात नाही, आणि ती बहुधा बायकांची व पशुपालकांची असते, त्यामुळे करार करताना त्यांना बोलावलेही जात नाही. कुंपण पडल्यावर त्या कुटुंबाचे अन्न कमी झाले, हे कुठल्याच धान्य-उत्पादनाच्या आकड्यात दिसत नाही.

‘टाकाऊ’ या शब्दाचेही तेच. खाण्याच्या पिकाऐवजी काडीकचऱ्यापासून इथेनॉल करायचे, ही कल्पना मला मनापासून आवडते. अडचण लिग्निनची, म्हणजे काडीला ताठ ठेवणाऱ्या चिवट घटकाची. काडीतल्या सेल्युलोजमध्ये साखर आहे, पण ती लिग्निनच्या आवरणात गुरफटलेली असते. ते सोडवायला उष्णता, रसायने आणि महाग एन्झाइम लागतात. हे जमणार म्हणून उभारलेले श्रीमंत देशांतले मोठे कारखानेही काही वर्षांत बंद पडले. त्यात बैल पोसणाऱ्या शेतकऱ्याकडे काडी वाया जाते कुठे? ती चारा असते, छप्पर असते, कुजली तर मातीचे अन्न असते. खरोखर जास्तीची काडी यंत्राने कापणी होणाऱ्या, पाठोपाठच्या पिकांच्या पट्ट्यांत सापडते. उदाहरणार्थ, वायव्य भारतातला भाताचा पेंढा. त्यात सिलिका जास्त, जनावरांना तो आवडत नाही, म्हणून शेतातच पेटवला जातो. तिथे इंधन करण्याला अर्थ आहे.

एवढ्यावरून जैवऊर्जा गरिबांच्या वाटेची धोंड आहे असे कुणी म्हटले, तर मी हरकत घेईन. इंधनाशिवाय धान्य पोटात जात नाही. जगातली दोनशे कोटींहून अधिक माणसे आजही लाकूड, कोळसा, शेणी किंवा रॉकेलवर रांधतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराने 2020 मध्ये सुमारे 32 लाख मृत्यू झाले. सरपण दुर्मीळ झाले की जे शिजायला वेळ लागतो ते कडधान्य ताटातून आधी मागे सरते. पंप चालायला, धान्य वाळवायला, दळायलाही ऊर्जा लागते.

जे टिकले ते बहुधा छोटे आणि अन्नाच्या मागून चालणारे. आफ्रिकेतल्या मलावीत 1982 पासून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, तेही मळीपासूनचे. देशाला समुद्र नाही, पेट्रोल शेजारच्या देशांतून येते, त्यामुळे प्रत्येक लिटर मोलाचा. मळी साखरेच्या मागून येते. साखर जितकी, मळी तितकीच.

गोबरगॅस त्याहून घरगुती. साधारण 25 किलो ताज्या शेणातून एक घनमीटर गॅस मिळतो, आणि चार-पाच माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटर पुरतो. जळते ते मिथेन. नत्र मागे उरलेल्या पातळ राड्यात, म्हणजे स्लरीत, राहते आणि परत शेतात जाते, शेणी जाळल्या की तेच हवेत उडते. अन्न आणि इंधन एकमेकांचे पाय ओढत नाहीत, अशी जागा मला तरी दुसरी दिसत नाही. नेपाळने 1992 पासून हा कार्यक्रम नेटाने राबवला. चीनमध्ये एकेकाळी चार कोटींच्या आसपास घरगुती संयंत्रे होती, पण माणसे शहरांकडे गेली, घरची डुकरे कमी झाली, आणि बरीच बंद पडली. 50 किलो शेण म्हणजे गोठ्यात बांधलेली चार-पाच जनावरे आणि रोज शेणाइतकेच पाणी. ज्या घरी दोन शेळ्या आणि लांबची विहीर आहे, तिथे याचा उपयोग नाही.

मोठ्या प्रमाणावर इंधन मिसळायचेच असेल, तर नियमाला बिजागरी हवी. ब्राझीलमध्ये मिश्रणाचे प्रमाण सरकार खाली-वर करू शकते. 2011 मध्ये इथेनॉल कमी पडले तेव्हा ते 25 वरून 20 टक्क्यांवर आणले गेले. चीनने जुने साठवणीतले धान्य खपवण्यासाठी इथेनॉल सुरू केले होते, पण भाव चढू लागल्यावर 2007 च्या सुमारास धान्यावरच्या नव्या कारखान्यांना परवानगी देणे थांबवले. भारताने डिसेंबर 2023 मध्ये साखरेच्या तुटीच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. ओढा मक्याकडे गेला, आणि मका निर्यात करणारा देश 2024 मध्ये तो आयात करू लागला. कुक्कुटपालकांना पशुखाद्याचे बिल चढलेले दिसले. बिजागरी एकाच झडपेला बसवली होती.

इंडोनेशिया जगात सर्वांत जास्त पामतेल काढतो. 2022 च्या सुरुवातीला तिथे खाद्यतेल इतके महागले की लोक दुकानांपुढे रांगा लावू लागले. 28 एप्रिलला सरकारने पामतेलाची निर्यातच बंद केली. बंदी साडेतीन आठवडे चालली. शेतकऱ्यांची फळे पडून राहिली, भाव कोसळला. डिझेलमध्ये 30 टक्के पामतेलाचे बायोडिझेल मिसळण्याचा नियम त्या साडेतीन आठवड्यांत एक टक्क्यानेही खाली आला नाही.