तेर: गोरोबाकाकांच्या आधीचं गाव

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेलं तेर लोकांना माहीत आहे ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून. पण काकांच्या जन्माआधी बाराएकशे वर्षं याच गावाचा माल गुजरातमधल्या भडोचच्या बंदरात उतरत होता. तेव्हा त्याचं नाव होतं तगर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे मोठं शहर. इथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाते, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे रस्त्यांची तक्रारही तेवढीच जुनी!

पुढे शहर ओसरलं, नावाचा दबदबा मात्र राहिला. दूर कोकणात नि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तगर नगरीचे स्वामी, म्हणवून घेत. तगर नेमकं कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. जुन्नर, दौलताबाद, धारूर अशी नावं पुढे आली. 1901 च्या सुमारास इतिहास-अभ्यासक फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखवलं आणि तेच मान्य झालं.

गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ आवर्जून मागच्या बाजूनं पाहावं. ती बाजू अर्धगोल आहे, वर गजपृष्ठाकार छत. मूळचं हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, असावं, असं अभ्यासक मानतात. बांधकाम सगळं विटांचं. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यावर तरंगतात.

मातीनं या गावाला बरंच दिलंय. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांतून मृण्मूर्ती, मणी, रोमन वळणाच्या वस्तू निघाल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या. आजचं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे. इथल्या हस्तिदंती बाहुलीची तुलना तर थेट इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी होते.

आणि संत झाला तोही कुंभारच. जमलेल्या संतांत कच्चं मडकं कोणतं ते सांगा, असं मुक्ताबाईनं म्हटलं तेव्हा काकांनी मडकी थापायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. काकांची समाधी नदीकाठीच आहे. चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांची पुण्यतिथी असते, तेव्हा हे एरवीचं शांत गाव दिंड्यांनी भरून जातं.