गोड बदामाला 'बदामाचा वास' का नसतो?

बदामी लिक्यूर (गोड, सुवासिक मद्य) घरी करण्याच्या अनेक कृतींत मूठभर सोललेले बदाम महिनाभर व्होडकात भिजत घालायला सांगितलेले असते. महिन्याने बाटली उघडावी तर हाती येतो तो किंचित पिवळसर, तेलकट द्रव. ज्या वासासाठी एवढा खटाटोप केला, तो त्यात जवळजवळ नसतोच. दोष बदामांचा नाही आणि व्होडकाचाही नाही. आपण ज्याला बदामाचा वास म्हणतो, तो मुळात कडू बदामाचा असून मुख्यतः बेन्झाल्डिहाइड या रेणूमुळे येतो. इटलीतील 'अमारेत्तो' या बदामी लिक्यूरच्या नावाचा अर्थही 'किंचित कडू' असाच आहे, आणि ते पुष्कळदा जर्दाळूच्या बीतील मगजापासून केले जाते.

गंमत अशी की, कोरड्या, अखंड कडू बदामालाही हा वास नसतो. तो खलात कुटून त्यावर थोडे पाणी शिंपडले, की मगच वास दरवळू लागतो. कडू मगजात अमिग्डॅलिन हे संयुग असते, म्हणजे ग्लुकोजच्या दोन घटकांना जोडलेले मँडेलोनायट्राइल. 1830 मध्ये रोबिके आणि बुत्रों-शार्लार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळे केले, तर 1837 मध्ये व्योलर आणि लीबिग यांनी त्याचे विघटन करणाऱ्या 'इमल्सिन' या विकराचा (एन्झाइमचा) अभ्यास मांडला. अखंड बीत हे संयुग आणि ते तोडणारी विकरे एकमेकांपासून दूर ठेवलेली असतात. बी चिरडली की ती एकत्र येतात, पाण्याच्या साहाय्याने ग्लुकोजचे घटक एकामागून एक सुटतात आणि उरलेले मँडेलोनायट्राइल दुभंगून बेन्झाल्डिहाइड व हायड्रोजन सायनाइड तयार होतात. सुवासाच्या प्रत्येक रेणूमागे विषाचा एक रेणू, असा हा रोख हिशेब आहे: 1 ग्रॅम अमिग्डॅलिनमधून सुमारे 59 मिलिग्रॅम हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. गोड बदामात मात्र एका नियामक जनुकातील बदलामुळे अमिग्डॅलिन जवळपास तयारच होत नाही, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

याच अमिग्डॅलिनला 'जीवनसत्त्व बी-17' असे गोंडस नाव देऊन कर्करोगावरचा उपाय म्हणून खपवले जाते. ते जीवनसत्त्व नाही, आणि 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 178 रुग्णांवरील चाचणीत त्याचा काहीही लाभ आढळला नाही.

कडू मगज घरी मद्यात भिजत घालणे म्हणूनच धोक्याचे आहे. अमिग्डॅलिन मद्यात उतरते, आणि विकरांनी अर्धवट सोडलेले काम आतड्यातील जिवाणू पुरे करू शकतात. त्यापेक्षा खाद्य दर्जाचा तयार इसेन्स वापरावा. त्यातले बेन्झाल्डिहाइड नैसर्गिक असो वा कारखान्यातले, रेणू तोच. साखरेचा पाक पूर्ण थंड झाल्यावरच व्होडकात घालावा, कारण अल्कोहोल 78 अंश सेल्सिअसला उकळते आणि गरम पाकातून उठणारी त्याची वाफ सहज पेट घेते. इसेन्स थेंबाथेंबाने, चव पाहत घालावा. बाटली गळ्यापर्यंत भरावी, कारण हवेतील ऑक्सिजनमुळे बेन्झाल्डिहाइडचे हळूहळू बेन्झोइक आम्ल होते आणि त्याला तो वास नसतो; शुद्ध बेन्झाल्डिहाइडच्या जुन्या बाटलीच्या तोंडाशी साचणारे पांढरे स्फटिक त्याचेच असतात.