सुपर रोबॉट वॉर्स: यादीत कोण, यावरून चाललेला तीन दशकांचा वाद

सुपर रोबॉट वॉर्सचा नवा गेम जाहीर झाला की चाहते आधी ग्राफिक्स बघत नाहीत, कथा विचारत नाहीत, किंमतही नंतर. आधी यादी. कोणकोणत्या अ‍ॅनिमे मालिकांमधले रोबॉट यात आहेत, पहिल्यांदा कोण आलंय, मागच्या वेळचं कोण गळलंय. लग्नपत्रिकेत कुणाची नावं छापली आणि कुणाची राहिली हे भाऊबंद जसं बारकाईनं वाचतात, तशी ही यादी वाचली जाते. रुसवेफुगवेही तसेच होतात. बाहेरच्याला हा प्रकार पोरकट वाटतो. पण या गेमचा सगळा इतिहास त्या यादीतच दडलेला आहे.

हा मुळात डावपेचांचा जपानी गेम. चौकटींच्या नकाशावर आपली पाळी, मग शत्रूची पाळी, असा चालणारा. वैशिष्ट्य एवढंच की आपल्या सैन्यातले रोबॉट वेगवेगळ्या दशकांतल्या, वेगवेगळ्या स्टुडिओंच्या, एरवी एकमेकांची तोंडंही न पाहणाऱ्या मालिकांमधून आलेले असतात. जपानी चाहते त्याला लाडानं ‘सुपारोबो’ म्हणतात.

दोन मालिकांचे नायक एकत्र आणण्याची कल्पना मात्र गेमवाल्यांची नव्हे. गो नागाई यांचा माझिंगर झेड डिसेंबर १९७२ मध्ये टीव्हीवर आला आणि पायलट आत बसून चालवतो अशा महाकाय रोबॉटची लाट सुरू झाली. लगेच १९७३ च्या उन्हाळ्यात तोएई स्टुडिओनं माझिंगर झेड आणि नागाईंचाच डेव्हिलमन यांना एका छोट्या चित्रपटात समोरासमोर आणलं. १९७५ मध्ये ग्रेट माझिंगर आणि गेटर रोबो एकत्र आले. सुट्टीत पोरांना थिएटरात खेचायचा हा सरळ धंदा होता, आणि तो जमला, कारण सगळी पात्रं एकाच गोतावळ्यातली होती. नागाईंची कंपनी, तोएईचा स्टुडिओ, परवानगी मागायला घराबाहेर जायचंच नव्हतं.

गुंडमचं घर वेगळं. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो आणि सनराइज स्टुडिओ यांची ही मालिका ७ एप्रिल १९७९ ला सुरू झाली. प्रायोजकाची खेळणी खपेनात म्हणून ५२ भागांचा बेत ४३ भागांवर गुंडाळला गेला. पुढच्या वर्षी बान्दाईनं गुंडमची प्लॅस्टिकची मॉडेल बाजारात आणली, आणि फसलेली मालिका देशव्यापी वेड होऊन बसली. पण माझिंगरशी तिचं जमण्यासारखं काही नव्हतं. माझिंगर हा जगात एकच, आजोबांनी नातवाला दिलेला, जवळजवळ देवासारखा. गुंडमच्या जगात रोबॉट म्हणजे रणगाडा किंवा लढाऊ विमान. कारखान्यात बनतो, गोळ्या संपतात, सुटे भाग लागतात, आणि आत बसलेला पोरगा युद्धानं पिचलेला असतो.

या दोघांना एका चौकटीत बसवलं ते बुटकेपणानं. १९८५ पासून बान्दाईनं मोठं डोकं आणि आखूड हातपाय असलेल्या गुंडमच्या छोट्या बाहुल्या नाणं टाकायच्या यंत्रातून विकायला सुरुवात केली होती. त्याच ठेंगण्या रूपात उल्ट्रामॅन, कामेन रायडर हे टीव्हीवरचे नायक आणि गुंडम यांना एकत्र घेऊन बान्दाई समूहातल्या बान्प्रेस्टो कंपनीनं १९९० मध्ये चक्क सुमो कुस्तीचा गेम काढला. त्याच वाटेनं पुढच्या वर्षी, २० एप्रिल १९९१ ला, गेमबॉयवर पहिला सुपर रोबॉट वॉर्स आला. गेम घडवला विंकीसॉफ्टनं.

बुटक्या रूपाचा मोठा फायदा आज सहज विसरला जातो. माझिंगर आणि गुंडम दोघंही अठरा मीटर उंच, तिथवर ठीक. पण कॉम्बॅटलर व्ही सत्तावन्न मीटरचा, इडिऑन शंभराच्या वर, आणि गनबस्टर दोनशे. खऱ्या मापानं काढले तर एकाचा नुसता पाय दिसेल आणि दुसरा मुंगीएवढा होईल. सगळ्यांची डोकी सारखी मोठी केली की प्रश्नच मिटतो. १९९६ च्या एका भागात रोबॉट खऱ्या प्रमाणात काढून पाहिले, पण मुख्य मालिका पुन्हा बुटक्यांकडेच वळली.

तो पहिला गेम आजच्या चाहत्याला ओळखूसुद्धा येणार नाही. त्यात पायलटच नाहीत. रोबॉटच बोलतात, विचार करतात, आणि शत्रूच्या रोबॉटची समजूत काढून त्याला आपल्या बाजूला वळवता येतं. मालिका मोजून तीन: माझिंगर, गेटर, गुंडम. खरा पाया घातला तो त्याच वर्षी डिसेंबरअखेर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर आलेल्या दुसऱ्या भागानं. त्यात पायलट आले, सलग कथा आली, आणि कुठल्याच टीव्ही मालिकेत नसलेला, खास गेमसाठी घडवलेला सायबस्टर नावाचा वाऱ्याचा रोबॉट आला. त्याचा पायलट मासाकी आंदो वाट चुकण्यात पटाईत. शू शिराकावा हा त्याचा प्रतिस्पर्धी, धड मित्र नाही आणि धड शत्रूही नाही. परक्यांच्या घरची पात्रं गोळा करणाऱ्या गेमला स्वतःची दोन पोरं झाली. पुढे तीच कामाला आली.

१९९३ चा तिसरा आणि १९९५ चा चौथा भाग सुपर फॅमिकॉमवर आले. चौथ्याची प्लेस्टेशनवरची आवृत्ती १९९६ ची. तिच्यात पात्रांना आवाज मिळाले. लहानपणी टीव्हीवर ऐकलेला आरोळीचा आवाज आपण बटण दाबल्यावर घुमणं, हे त्या पिढीसाठी भलतंच होतं.

खेळताना नेमकं काय होतं, ते एका उदाहरणानं सांगतो. माझिंगरचा पायलट कोजी काबुतो मैदानात उतरतो तेव्हा त्याचा जोश १०० वर असतो. शत्रू पडत जातात तसा तो चढतो. सगळ्यात जबर अस्त्र १२० किंवा १३० झाल्याशिवाय उघडतच नाही. म्हणजे टीव्हीच्या भागात नायक जसा आधी मार खातो आणि शेवटच्या पाच मिनिटांत हुकमी अस्त्र काढतो, तोच क्रम आकड्यांतून आपोआप उभा राहतो. त्यावर मनोबलाच्या आज्ञा. एक दिली की नेम चुकत नाही, दुसरी दिली की पुढचा वार दुप्पट बसतो. या दुसरीचं नाव ‘नेक्केत्सु’, उसळतं रक्त. शत्रूकडे थोडाच जीव उरलाय, आपल्या पायलटकडे एकाच आज्ञेपुरतं बळ शिल्लक आहे, आणि नेमकेपणा निवडायचा की ताकद हे ठरवायचंय. ज्यांना हा गेम आवडतो त्यांना हा क्षण आवडतो, आणि माझ्या मते या मालिकेतली सगळ्यात हुशार रचना हीच.

चाहत्यांच्या पहिल्या मोठ्या भांडणाचं मूळही आकड्यांतच आहे. माझिंगर, गेटर यांच्यासारखे ‘सुपर’ रोबॉट जाड चिलखताचे, जबर मारणारे, पण जड. गुंडमसारखे ‘रिअल’ रोबॉट पातळ चिलखताचे, चपळ, वार चुकवणारे. ही विभागणी लोकांच्या डोक्यात इतकी पक्की बसली त्याला हा गेम बराचसा जबाबदार आहे. चौथ्या भागात तर खेळणाऱ्याला आपला नायक रिअल वाटेचा की सुपर वाटेचा, हे सुरुवातीलाच निवडावं लागतं. मग सेगा सॅटर्नवर १९९७ मध्ये ‘एफ’ आणि १९९८ मध्ये त्याचा उत्तरार्ध ‘एफ फायनल’ आला. चौथ्याच भागाची नवी मांडणी म्हणून घेतलेलं काम फुगत जाऊन दोन गेमचं झालं होतं. त्यात इव्हॅन्गेलियन आलं, इडिऑन आला, गनबस्टर आला. आणि गेम कमालीचा कठीण झाला. सुपर रोबॉटचा नेम लागेना, चिलखत पुरेना, सगळी मदार निवडक चपळ पायलटांवर. माझिंगर खेळायला आलेल्या माणसानं माझिंगर बाकावर बसवून ठेवायचा, हे पुष्कळांना सहन झालं नाही. काही जुने खेळाडू मात्र आजही म्हणतात की खरी कसोटी तीच होती, नंतर सगळं सोपं झालं.

‘एफ फायनल’नं मात्र असं काही दिलं जे आधी कुठल्याच मालिकेत नव्हतं. गेटर किरणांनी माझिंगर झेड बदलतो आणि माझिनकायझर जन्माला येतो. त्याचं रूप खुद्द नागाईंनी या गेमसाठी दिलं, आणि काही वर्षांनी त्या रोबॉटची स्वतंत्र अ‍ॅनिमे मालिका निघाली. उसनं घेतलेलं व्याजासकट परत केलं म्हणायचं. दुसरी गोष्ट आकडेवारीत मावणारी नाही. मूळ झेटा गुंडम मालिकेत फोर मुरासामे ही मुलगी नायक कामीलला वाचवताना मरते. गेमच्या काही भागांत ठरलेल्या मोहिमेत कामीलला तिच्या शेजारच्या चौकटीत नेऊन बोलायला लावलं, तर ती वाचते आणि आपल्या तुकडीत येते. यासाठी लोकांनी अख्खे गेम पहिल्यापासून पुन्हा खेळले आहेत. इव्हॅन्गेलियनमधला कुढणारा शिंजीही इथे कोजी आणि गुंडमचा पायलट आमुरो यांच्यासारख्या थोरल्यांच्या सहवासात थोडा सावरतो. मूळ शोकांतिकेची धार त्यानं बोथट होते असं मानणारा एक गट आहे. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण फोरला वाचवायची संधी समोर असताना ती सोडणारा खेळाडू मला अजून भेटायचाय.

मे २००० मध्ये प्लेस्टेशनवर ‘अल्फा’ आला. विंकीसॉफ्टच्या जागी आता बान्प्रेसॉफ्ट होतं. तोल सुधारला, लढाईची दृश्यं झगमगीत झाली, आणि नको असतील तेव्हा ती गाळायची सोयही मिळाली. पूर्वी एकेक वार शेवटपर्यंत बघत बसावा लागे, तेव्हा ही सोय छोटी नव्हती. मॅक्रॉस आली, आणि जायंट रोबोही. भारतात ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ पाहिलेल्यांना मनगटी घड्याळात बोलून रोबॉटला हुकूम देणारा मुलगा आठवत असेल. ती मालिका १९६७ ची, माणसांना पोशाख चढवून चित्रित केलेली. अल्फात आहे ती त्याच कथेवरून नव्वदच्या दशकात निघालेली अ‍ॅनिमे. दाइसाकु नावाचा मुलगा आणि त्याचा तो थोराड रोबॉट इथे गुंडमच्या शेजारी उभे राहतात. या अवाढव्य पसाऱ्यात आपल्या पिढीच्या ओळखीचा एखादाच चेहरा दिसतो, तो हा.

अल्फानं गेमच्या स्वतःच्या पात्रांचा गोतावळाही वाढवला. त्यातला एल्झाम आपली यंत्रं काळी रंगवतो आणि त्यांना आपल्या घोड्याचं, ट्रॉम्बेचं, नाव देतो. गेममध्ये हल्ला करणाऱ्याचं संगीत वाजायचा प्रघात आहे. पण एल्झाम लढाईत असला की समोर कुणीही असो, वाजतं त्याचंच. शेवटच्या महाखलनायकाच्या गंभीर धुनेवर ट्रॉम्बेची धून कुरघोडी करते, यावर चाहत्यांचे विनोद आजतागायत चालू आहेत. या पात्रांसाठी २००२ मध्ये गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर ‘ओरिजिनल जनरेशन’ हा स्वतंत्र गेम निघाला. त्यात एकही उसनी मालिका नाही.

आणि यादीच्या वेडामागचं खरं कारण इथे येतं. एका गेममध्ये दहा-वीस मालिका म्हणजे तितक्याच परवानग्या. निर्माता स्टुडिओ, मूळ लेखक, गाण्यांचे हक्क, आवाजाचे कलाकार. जपानात एका मोठ्या समूहाच्या छत्राखाली हे जमतं. जपानबाहेर त्याच मालिकांचे हक्क देशागणिक वेगवेगळ्या कंपन्यांकडे विकलेले. मॅक्रॉसचे परदेशी हक्क तर कोर्टकज्ज्यांत अडकले, आणि त्या वादावरचा समझोता जाहीर व्हायला २०२१ उजाडलं. म्हणून जिथे या रोबॉटांवर लोक जीव ओवाळत होते तिथेच गेम पोचेना. फ्रान्समध्ये १९७८ पासून ग्रेंडायझर घराघरांत ‘गोल्डोराक’ या नावानं माहीत. फिलिपिन्समध्ये व्होल्टेस व्ही इतकी लोकप्रिय की १९७९ मध्ये मार्कोस सरकारनं शेवटचे भाग शिल्लक असतानाच तिच्यावर बंदी घातली. या देशांतल्या चाहत्यांनी जपानी कार्ट्रिज मागवून, मेन्यू पाठ करून गेम खेळले. एऑन जेनेसिससारख्या हौशी गटांनी तिसरा भाग आणि ‘अल्फा गायडेन’ यांचं फुकट इंग्रजी भाषांतर केलं. २००६ मध्ये अमेरिकेत अधिकृतपणे पोचले ते ‘ओरिजिनल जनरेशन’चे दोन भाग. साधं कारण, त्यात परवानगी मागावी असं कुणी परकं नव्हतंच. सायबस्टर आणि मंडळी इथे उपयोगी पडली.

कोंडी फुटली ती हळूहळू. २०१६ च्या ‘मून ड्वेलर्स’पासून आशियाई बाजारासाठी इंग्रजी मजकुराच्या आवृत्त्या निघू लागल्या, २०१७ चा ‘व्ही’ तशाच आवृत्तीतून जगभर मागवला गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘सुपर रोबॉट वॉर्स ३०’ स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आला, आणि उसन्या मालिकांसकटचा मुख्य भाग पाश्चात्त्य देशांत पहिल्यांदा उघडपणे विकला गेला. कितीएक वर्षं या मालिकेचे निर्माते राहिलेले टेराडा ताकानोबु यांनी त्यानंतर ती धुरा खाली ठेवली.

आता यादीवरचं भांडण वेगळ्या वळणावर आहे. रोबॉट म्हणायचं तरी कशाला? २००५ च्या ‘जे’ मध्ये टेक्कामन ब्लेड आला. तो रोबॉट नव्हे, चिलखतात बदललेला माणूस. ‘व्ही’ मध्ये यामातो आली, ते जहाज. २०१९ च्या ‘टी’ मध्ये काउबॉय बीबॉप आली, जिच्यात नायकाकडे आहे ते एक चपळ अंतराळयान. दर वेळी कर्मठ चाहत्यांनी हरकत घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘वाय’ आला आणि त्याच्या यादीत गॉडझिलाचं नाव निघालं. ती मालिका म्हणजे ‘सिंग्युलर पॉइंट’, आणि तिच्यात एका छोट्या कारखान्यानं बनवलेला जेट जॅग्वार नावाचा रोबॉट आहे. त्यामुळे नियमाप्रमाणे आमंत्रण जेट जॅग्वारला, आणि गॉडझिला त्याच्यासोबत आला, असं म्हणून कर्मठांनाही यादी मान्य करायची सोय झाली.