आजोबांची बंदूक घरात असेल तर

गोधडीत गुंडाळून सुतळीनं बांधलेली बंदूक महिन्यातून एखादी तरी आमच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर येते. आणणारा बहुतेक नातू असतो. आजोबा जाऊन वर्ष-दोन वर्षं झालेली असतात, माळ्यावरची ट्रंक उघडल्यावर दोननळी सापडलेली असते आणि तिच्यासोबत एका कोपऱ्याला वाळवी लागलेला परवाना असतो. नातवाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हिच्यानं शिकार करता येईल का?" हे माहितीपत्रक त्या नातवासाठी आहे.

शिकार करता येत नाही. रानात नाही आणि स्वतःच्या शेतातही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. सुरुवातीला त्यात काही जनावरांसाठी परवान्याची शिकार शिल्लक होती, ती 1991 च्या दुरुस्तीनं संपली. जुन्या शस्त्रपरवान्यावर हेतूच्या रकान्यात 'स्पोर्ट' लिहिलेलं असतं. ते दाखवून "आम्हाला शिकारीची परवानगी आहे" म्हणणारे आजही भेटतात. ती परवानगी बंदूक बाळगण्याची आहे. जनावर मारण्याशी तिचा संबंध नाही.

कोल्हापूरकराला हे पचायला जड जातं, याची आम्हाला जाणीव आहे. दाजीपूरचं जंगल संस्थानकाळात महाराजांचं राखीव शिकारक्षेत्र होतं. राजर्षी शाहू महाराजांच्या, पाळलेले चित्ते सोडून केलेल्या शिकारीच्या गोष्टी आपल्या घराघरांत सांगितल्या जातात, आणि नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आपण सगळ्यांनीच लहानपणी तोंडात बोट घालून पाहिली आहेत. पण त्याच दाजीपूरला 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. आज आपण त्याला राधानगरी अभयारण्य म्हणतो. ज्या रानात हाकारे घातले जात होते तिथे आज गवा बघायला लोक पहाटे उठून जातात, आणि आम्हाला हे मनापासून बरं वाटतं.

राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडच्या शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. रानडुकरं एका रात्रीत उसाचा फड लोळवतात, गवे भात तुडवतात. ज्याचं पीक जातं त्यालाच ते दुःख कळतं. तरीही गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीतला प्राणी आहे, त्याला मारलं तर तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. बंदूक आणि गाडी जप्त होते ती वेगळीच, आणि न्यायालय शस्त्रपरवाना रद्द करून पुढची पाच वर्षं नवा मिळणार नाही असा आदेशही देऊ शकतं. रानडुकराबाबतही अधिकार वनविभागाचा आहे, त्यांची लेखी परवानगी हातात नसेल तर बार काढू नका. परवान्यावर 'पीकसंरक्षण' लिहिलेलं असलं तरी तेवढ्यानं भागत नाही. नुकसान झालं की ताबडतोब वनपालाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या.

आता कागद. परवानाधारक वारला की त्या क्षणापासून घरातली बंदूक कुणाच्याच परवान्यावर नसते. वारसांनी ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. उचलण्याआधी ठाण्यात कळवा आणि जमा केल्याची पावती जपून ठेवा. गोधडीत गुंडाळून एस.टी.नं आमच्याकडे आणू नका. हेतू कितीही चांगला असला तरी त्या प्रवासात तुमच्या मांडीवर विनापरवाना शस्त्र असतं, आणि त्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. मग मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बाकीच्या वारसांची संमती घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःच्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करा. अर्जदाराचं वय 21 पूर्ण हवं. भावकीतल्या एकाचीही संमती अडली की फाईल तिथेच बसते, म्हणून आधी घरात बसून बोला.

आबा हयात असतील तर यातला बराच त्रास वाचतो. परवानाधारकाचं वय 70 झालं असेल किंवा परवान्याला 25 वर्षं झाली असतील, तर ते जिवंतपणीच वारसाच्या नावावर देण्याचा अर्ज करू शकतात. आबांना "तुमच्या माघारी" असं म्हणायची जीभ होत नाही हे समजतं, पण हा विषय काढाच.

एका माणसाकडे आता दोनच बंदुका राहू शकतात, वारसानं आलेल्या धरून. तुमची एक आणि आजोबांच्या दोन, तर एक सोडावी लागते. दिवाणखान्यात टांगलेल्या ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू भरायच्या, जुन्या बंदुकीला परवान्यातून सूट मिळते, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. हे आपण परस्पर ठरवायचं नसतं. भिंतीवर सांबराची शिंगं असतील तर त्यांचं मालकीचं प्रमाणपत्र शोधून ठेवा. ती विकता येत नाहीत.

परवाना नावावर झाला की पुढचा प्रश्न काडतुसाचा. इथे मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण यात माणसाचा हात जातो.

आजोबांची बारा बोअर इंग्लिश किंवा बेल्जियन असेल तर तिचं काडतुसाचं घर बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरचं असतं. आज मिळणारं काडतूस साधारण 70 चं. मिटलेल्या तोंडाचं काडतूस त्या लहान घरात अगदी सहज बसतं, बंदूक बंदही होते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण ते 70 चं माप तोंड उघडल्यानंतरचं आहे. बार होताना काडतुसाची घडी उलगडते, घराबाहेर निमुळत्या भागात शिरते आणि छर्ऱ्यांची वाट आवळते. दाब वाढतो. पहिल्या बाराला काही होत नाही, दहाव्यालाही होत नाही, आणि मग एक दिवस नळी फुगते. घराची लांबी मोजल्याशिवाय एकही काडतूस घालू नका.

दुसरी गोष्ट नळीवरची नक्षी. पाण्यात तेल सांडल्यासारख्या लाटा दिसल्या तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली दमास्कस नळी आहे. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. खालच्या अंगाला चाचणीचे शिक्के असतात. बेल्जियमच्या लीएज शहराचा शिक्का अंडाकृती असतो, बर्मिंगहॅमच्या शिक्क्यावर मुकुट असतो. नायट्रो, म्हणजे आजच्या काडतुसातल्या बिनधुराच्या, दारूची चाचणी झाल्याचा शिक्का नसेल, तर आजचं काडतूस तिच्यात उडवू नका असंच आम्ही सांगतो. काही नळ्यांवर 'नॉट फॉर बॉल' कोरलेलं असतं. ती नळी तोंडाशी आवळलेली आहे, तिच्यातून गोळी सोडायची नाही.

आमची एक चूकही सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाची दोननळी आम्ही बाहेर काळी करायला, म्हणजे नळ्यांवर गंजरोधक काळा थर चढवायला, दिली. तिथे ती गरम क्षाराच्या हौदात बुडवली गेली. दोन नळ्यांमधली पट्टी कथलाच्या डाकानं बसवलेली असते. क्षारानं डाक खाल्ला आणि पट्टी सुटली. त्या माणसाच्या वडिलांची ती एकच आठवण होती. पट्टी आम्ही स्वखर्चानं पुन्हा बसवून दिली, पण त्याचा चेहरा विसरलेलो नाही. तेव्हापासून दोननळी आम्ही दुकानातच, जुन्या पद्धतीनं काळी करतो. गंज चढवायचा, उकळायचा, घासायचा आणि पुन्हा तेच. आठवडा जातो. घाई असेल तर आम्ही काम घेत नाही.

पट्टी शाबूत आहे का हे घरीही कळतं. नळ्या दस्त्यापासून सोडवून आकड्याला टांगा आणि बोटाच्या पेरानं हलकी टिचकी मारा. घंटेसारखा नाद घुमला तर डाक धरून आहे. 'थप्प' आवाज आला तर आमच्याकडे या.

खंडेनवमीला बंदुकीची पूजा करतो तेव्हा ओलं हळदकुंकू आणि झेंडूचं पाणी नळीवर तसंच राहतं, आणि दिवाळीपर्यंत तिथे बोटाएवढा गंजाचा डाग पडतो. हळदकुंकू कोरडं वाहा, आणि दसऱ्याचं सोनं लुटून घरी आलात की आधी नळी पुसून घ्या. त्या दिवशी किंवा लग्नाच्या वरातीत हवेत बार काढू नका. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. खोबरेल किंवा शेंगतेल लावू नका, ते चिकट होऊन घोड्यात बसतं. बंदुकीचं पातळ तेल कापडावर दोन थेंब पुरे. आणि बंदूक उभी ठेवायची तर नळीचं तोंड खाली करून ठेवा, नाहीतर तेल हळूहळू दस्त्याच्या लाकडात उतरतं, लाकूड मऊ पडतं आणि मानेशी चिरतं. आमच्याकडे येणाऱ्या चिरलेल्या दस्त्यांचं हे सगळ्यात मोठं कारण.

नेम धरायची हौस असेल तर या जिल्ह्यात ती दडपण्याचं कारण नाही. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं आणि आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. मुलांना आधी रेंजवर न्या. सुस्थितीतली बारा बोअर उडत्या मातीच्या तबकड्यांवरही चालवता येते.

दुकानात येताना मूळ परवाना आणा, झेरॉक्स चालत नाही. दुरुस्तीसाठी दुसऱ्या कुणाला पाठवायचं असेल तर तुमच्या सहीचं अधिकारपत्र आणि मूळ परवाना त्याच्याजवळ द्या. नळी कापून आखूड करून मागू नका, तो गुन्हा आहे. काडतुसं वेगळ्या पिशवीत ठेवा. नळीत जुनं काडतूस अडकलेलं दिसलं तर ते काढायचा प्रयत्न करू नका, बंदूक जागची हलवूही नका. पोरांना त्या खोलीतून बाहेर काढा, दाराला कुलूप लावा आणि आधी आम्हाला येऊन सांगा.