दांडी कोणाच्या पंजात?

'मन खंबीर ठेवा, कॅन्सर आपोआप पळेल' असा मेसेज ग्रुपवर आला की खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. मला मात्र १९८२ सालचे उंदीर आठवतात.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना ट्यूमरच्या पेशी टोचल्या. मात्रा अशी बेताची, की निम्म्यांत गाठ धरावी आणि निम्म्यांनी ती परतवावी. मग उंदरांच्या जोड्या लावल्या. दोघांना विजेचा झटका एकाच क्षणी बसायचा. पहिल्याने दांडी दाबली की दोघांचाही झटका थांबायचा. दुसऱ्याने काहीही केलं तरी उपयोग शून्य. म्हणजे दोघांनी खाल्लेली वीज अगदी सारखी, फक्त सुटका एकाच्याच पंजात. ही जोडी लावली नसती, तर सगळा दोष विजेवर ढकलून आपण मोकळे झालो असतो! दांडीवाल्यांपैकी ६३ टक्के उंदरांनी गाठ परतवली, हतबल जोडीदारांपैकी फक्त २७ टक्के. झटकाच न बसलेल्यांत हा आकडा ५४ होता.

पुढच्याच वर्षी मायर या मानसशास्त्रज्ञाच्या गटाला दिसलं, की हतबल उंदरांच्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी चेतवल्या तरी नीट वाढत नाहीत, दांडीवाल्यांच्या वाढतात. मेंदूतला धागा नंतर सापडला. झटक्याने मेंदूच्या देठातलं डॉर्सल राफे केंद्र सेरोटोनिन हे निरोप्या रसायन ओतू लागतं. 'हे माझ्या हातात आहे' हे कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाला कळलं, की तो राफेला लगाम घालतो. इकडे हायपोथॅलॅमस, पिट्युटरी, अॅड्रिनल या ग्रंथींच्या साखळीतून कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक सुटतं, ताणात जाग्या होणाऱ्या सिम्पथेटिक नसा थेट प्लीहेत नॉरअॅड्रिनलिन हे रसायन सोडतात, आणि लिम्फोसाइटवरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारे रेणू, ते टिपतात. राफेपासून प्लीहेपर्यंतचा सगळा रस्ता मात्र अजून जोडलेला नाही.

आणि उंदराची टोचलेली गाठ म्हणजे माणसात वर्षानुवर्षं वाढलेला कॅन्सर नव्हे. आधारगटात जाणाऱ्या, कॅन्सर पसरलेल्या स्तनकर्करुग्ण बायका जास्त जगतात, असं १९८९ साली मानसोपचारतज्ज्ञ स्पीगल यांनी लिहिलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला! २००१ मध्ये २३५ जणींवरच्या तशाच प्रयोगाचे निकाल आले, तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. तरी मेसेज फिरतातच, आणि आजार बळावला की पेशंटलाच ऐकवतात, 'तूच मन खंबीर ठेवलं नाहीस.' केमोने गळालेल्या माणसाला हे ऐकवायला जीभ कशी रेटते कोण जाणे.

त्या २३५ जणींपैकी गटात गेलेल्यांना, विशेषतः ज्या आधीपासून खचलेल्या होत्या त्यांना, मनाचा त्रास कमी झाला. दुखणंही कमी जाणवलं.